मशीन एका जागी राहणार की फिरणार

आमचं ऑफिस बंद झालं तेव्हा वाटणीवरून काही वाद झाला नाही. मोठा कॉम्प्युटर नवऱ्याने नेला, कारण घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलचं काम त्याच्याकडे जाणार होतं आणि ते काम त्या मशीनशिवाय होणारं नव्हतं. मोठे नकाशे छापायचा प्लॉटर विकला. टेबलं-खुर्च्या शेजारच्या क्लासवाल्या बाईंनी घेतल्या. माझ्याकडे माझा जुना लॅपटॉप राहिला, दोन सोसायट्यांची दुरुस्तीची कामं राहिली आणि खडवलीचा बंगला राहिला. बंगला म्हणजे आमचा नव्हे, गिऱ्हाइकाचा.

आम्ही दोघंही आर्किटेक्ट. एकाच कॉलेजात होतो, लग्न केलं आणि डोंबिवली पूर्वेला एका पोळी-भाजी केंद्राच्या वर, पहिल्या मजल्यावर ऑफिस थाटलं. येणाऱ्याला आधी फोडणीचा वास भेटायचा, मग आम्ही. कामं कुणी वाटून दिली नाहीत, आपोआप वाटली गेली. नकाशे, महापालिकेच्या मंजुऱ्या, साइटवरच्या माणसांशी बोलणं माझ्याकडे. बांधून झाल्यावर बिल्डिंग कशी दिसेल याची फोटोसारखी चित्रं कॉम्प्युटरवर करतात, त्याला रेंडर म्हणतात, ते त्याच्याकडे. आणि कॉम्प्युटरही त्याच्याकडे. कुठला घ्यायचा, कधी बदलायचा, आत काय बसवायचं, हे मी कधी विचारलं नाही. सकाळी बटण दाबलं की चालू व्हायचा, एवढाच माझा त्याच्याशी संबंध.

संसार कशाने मोडला असं लोक विचारतात, तेव्हा त्यांना एखादी गोष्ट हवी असते. आमच्याकडे तशी गोष्ट नव्हती. दुसरी बाई नव्हती, दारू नव्हती, सासूचा जाच तर मुळीच नव्हता. मूल झालं नाही, पण त्याचं दुःखही आम्ही कधीच करून संपवलं होतं. ऑफिसात दिवसभर आम्ही कामाबद्दल बोलायचो, आणि घरी आलो की बोलायला काम नसायचं. एका दुपारी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला वाटतं, आपण थांबूया."

मी एका सोसायटीच्या पार्किंगचं ड्रॉइंग करत होते. मला वाटलं त्याबद्दलच म्हणतोय. मी म्हटलं, "थांब, सेव्ह करते."

सेव्ह केलं. मग वर बघितलं आणि मला कळलं.

मी "बरं" म्हणाले. संध्याकाळी घरी जाताना भाजी घेतली. कोथिंबीर निवडायला बसले तेव्हा वाटलं, आता आतून काहीतरी येईल. काही आलं नाही. पुढे वकील झाले, दोघांच्या संमतीचा अर्ज झाला, कोर्टाने मध्ये थांबायची मुदत दिली. तो ठाण्यात टेंभी नाक्याजवळ आईच्या घरी राहायला गेला. फ्लॅट विकायचा ठरला, गिऱ्हाईक मिळेपर्यंत मी त्यात राहायचं ठरलं. तरी काही आलं नाही. लोक मला "किती धीराची आहेस" म्हणायचे. मी धीराची वगैरे नव्हते. दाढ काढल्यावर आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो ना, तसं माझं सगळंच झालं होतं.

खडवलीच्या बंगल्याचे मालक म्हणजे कल्याणचे एक निवृत्त काका आणि त्यांच्या पत्नी. नोकरीत असताना नदीजवळ जागा घेऊन ठेवलेली, आता त्यावर घर बांधायचं होतं. काकांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. भिंत इथेच का, पायरी एवढीच का. काकूंची मागणी एकच होती, स्वयंपाकघरातून नदी दिसली पाहिजे. पहिल्या भेटीला आम्ही दोघं गेलेलो. नंतर मी एकटीच जायचे आणि ते "साहेब कुठे?" म्हणाले की "ठाण्याचं काम चालू आहे" असं सांगायचे. ते खोटं नव्हतं.

आता घराचं डिझाइन नुसत्या रेघांत होत नाही. कॉम्प्युटरवर अख्खं घरच उभं करायचं असतं. त्यातली एक भिंत सरकवली की वरचं छत, आतली खिडकी, कापून दाखवलेला नकाशा, विटांचा हिशोब, सगळं आपापलं बदलतं. काम छान होतं, पण कॉम्प्युटरला ते पेलावं लागतं. माझ्या लॅपटॉपला पेलत नव्हतं. तळमजला होईपर्यंत त्याने कसंबसं रेटलं. जिना टाकायला घेतला की पडदा पांढरा व्हायचा, पंखा घोंघावायचा आणि सगळं बंद पडायचं. मी पुन्हा चालू करायचे, पुन्हा जिना टाकायचे, पुन्हा तेच. वैताग यायला हवा होता, तोही येत नव्हता. मी पुन्हा पुन्हा जिना टाकत बसायचे.

शेवटी काकांचा फोन आला. "मॅडम, वरचा मजला बघायला कधी मिळणार? का आम्ही खालीच राहायचं?"

तेव्हा ठरवलं, नवीन मशीन घ्यायचं.

आधी मी माझी माझी शोधायला गेले. सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी सांगते, कमीत कमी एवढं लागेल आणि चांगलं चालायला एवढं लागेल. दुकानांची संकेतस्थळं भलतंच सांगतात. व्हिडिओतली मुलं तर इतक्या वेगाने बोलतात की ती कुणाचं तरी उट्टं काढतायत असं वाटावं. एक म्हणतो ग्राफिक्स कार्डावर पैसे घाला, दुसरा म्हणतो कार्डाला कोण विचारतो, प्रोसेसर बघा. मी रोज हे वाचत आणि बघत राहिले. समजत काहीच नव्हतं, पण मला ते बरं वाटायचं. त्या आकड्यांमध्ये कुणी मला कशी आहेस म्हणून विचारत नव्हतं.

पण काका थांबणार नव्हते. म्हणून मी त्याला फोन केला. वकिलांचा विषय नसलेला तो बऱ्याच दिवसांतला पहिला फोन.

"मला मशीन घ्यायचंय," मी म्हटलं.

"काय झालं? लॅपटॉप गेला?"

"गेला नाही. जिना टाकला की बंद पडतो."

तो हसला नाही. म्हणाला, "रॅम किती आहे त्यात? नाही, राहू दे, मला माहितीय. शनिवारी ये. खोपटला डेपोसमोर भेट, मी येतो."

मी गेले. तो आधीच येऊन उभा होता. मी दिलेला निळा शर्ट घातला होता. ते मुद्दाम नसणार, त्याला शर्ट दिसतच नाहीत, वरचा असेल तो घालतो. "जेवलीस?" म्हणाला. मी म्हटलं, "एवढ्यात?" मग आम्ही चालायला लागलो. आमची चालण्याची जुनी सवय होती, तो पुढे आणि मी अर्धं पाऊल मागे, कारण मी दुकानांच्या पाट्या वाचत चालते. त्या दिवशी तो मध्ये मध्ये थांबत होता. त्यामुळे मलाही थांबावं लागत होतं.

दुकान स्टेशनजवळच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर होतं. आमचे सगळे कॉम्प्युटर तिथूनच आलेले, पण मी पहिल्यांदाच तो जिना चढत होते. दुकानदार आमच्याच वयाचा, बोलका. काचेमागे रंगीत दिव्यांचे पंखे फिरत होते.

"या या दादा! आणि आज वहिनी पण? म्हणजे मोठी खरेदी दिसतेय!"

"हिच्यासाठी बघायचंय," तो म्हणाला.

"बोला वहिनी. काम काय चालणार यावर?"

"ही नकाशे जास्त करते," तोच म्हणाला, "मॉडेल असतं, पण छोट्या बिल्डिंगांचं, आणि रेंडर काही ही—" मग तो थांबला. माझ्याकडे वळून म्हणाला, "तूच सांग."

मी सांगितलं. बंगले असतात, सात मजल्यांपर्यंतच्या सोसायट्या असतात, मंजुरीचे नकाशे असतात. एका वेळी मॉडेल, नकाशे आणि महापालिकेची कागदपत्रं उघडी असतात.

"आणि रेंडर?" दुकानदाराने विचारलं.

साधाच प्रश्न होता. गिऱ्हाईक नकाशा नंतर मागतं, आधी चित्र मागतं. आतापर्यंत मी मॉडेल करून शेजारच्या टेबलावर पाठवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यात झाडं, ऊन, गाड्या घालून चित्र परत यायचं. ते टेबल आता क्लासमध्ये होतं, त्यावर कुणीतरी गणितं सोडवत असणार. यापुढे चित्रं मी शिकायची, की बाहेर करायला द्यायची, की चित्रं लागणारी कामंच घ्यायची नाहीत? मला माहीत नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो माउसची खोकी वाचत होता.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे आज नाही, पण उद्या करणार?"

"उद्याचं माहीत नाही."

दुकानदाराने पेन कानामागे लावलं. मग माउसची खोकी सोडून तोच पुढे आला आणि मला समजावायला लागला. बाकी कशाबद्दल त्याला इतकं नीट बोलता यायचं नाही, पण हे त्याला यायचं.

"हे बघ. तू भिंत ओढतेस, जिना टाकतेस, ते काम प्रोसेसरमधला बहुतेक एकच कोर, म्हणजे एकच कामगार, करतो. बाकीचे कोर बसून बघतात. सरकारी ऑफिस समज. म्हणून ढीगभर कोरच्या जाहिरातीला भुलायचं नाही, एक कोर किती वेगात पळतो ते बघायचं. रेंडर करताना मात्र सगळे कामाला लागतात, आणि चित्र काढणारं ग्राफिक्स कार्डही लागतं. रॅम म्हणजे टेबल. अख्खं घर त्यावर पसरून ठेवावं लागतं. टेबल लहान असलं की सारखं उचलून खाली ठेवायचं, परत वर घ्यायचं, त्यात वेळ जातो. तुझा लॅपटॉप तेच करतोय."

"मग रॅम किती?"

"बत्तीसवर चालेल. चौसष्ट असलं तर विचार करायला नको."

"भाव बघून बोला दादा," दुकानदार म्हणाला. "रॅमचे भाव सोन्यासारखे चढलेत सध्या."

"मग बत्तीसची एकच पट्टी टाका, एक खाच रिकामी ठेवा. पुढे लागलं तर वाढवता येईल."

पुढे लागलं तर. हे त्याचं नेहमीचं वाक्य. आमच्या फ्लॅटमध्येही त्याने एका भिंतीत जास्तीची प्लगची जागा करून ठेवलेली, पुढे लागलं तर. बत्तीस लिहिलं गेलं.

मग दुकानदाराने विचारलं, "मशीन एका जागी राहणार की फिरणार?"

"एका जागी," तो म्हणाला.

"माहीत नाही," मी म्हटलं.

दोन्ही एकदमच बोललं गेलं. दुकानदाराने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे, घर बदलतंय," तो म्हणाला.

"अरे वा! नवीन घर! कुठे घेताय?"

"बघतोय," तो म्हणाला.

"बघतेय," मी म्हटलं.

एका कान्याचा काय तो फरक. दुकानदाराला तो कळला की नाही सांगता येत नाही, पण त्यानंतर त्याने मला वहिनी म्हटलं नाही, मॅडम म्हणायला लागला.

मला लॅपटॉपच बरा वाटत होता. पिशवीत टाकला की झालं. तो म्हणाला, "अगं, तेवढ्याच पैशात टेबलावरचं मशीन कितीतरी पुढे जातं. लॅपटॉप गरम झाला की स्वतःच पाय ओढायला लागतो. आणि त्यातलं काही बदलता येत नाही."

"पण तो मला उचलता येतो."

"उचलायचं काय त्यात, मी—" तो म्हणाला.

मी दुकानदाराला म्हटलं, "रिकाम्या कॅबिनेट दाखवा." त्याने दाखवल्या. कॅबिनेट म्हणजे ज्यात हे सगळं बसवतात तो डबा. मी एक एक उचलून बघायला लागले. दिव्यांची मोठी काचेची कॅबिनेट दोन्ही हातांनीही धड उचलली जाईना. दुसरी उचलली, पण पोटाशी धरावी लागली. कोपऱ्यात एक छोटी काळी होती, वर धरायला पट्टीसारखी कड असलेली. ती मी उचलली आणि दारापर्यंत नेऊन परत आणली. दुकानातली आणखी दोन गिऱ्हाइकं बघत होती. मला लाज वाटायला हवी होती.

"आत सामान बसल्यावर जड होईल," तो म्हणाला.

"किती?"

त्याने खाली ठेवलेलं एक दुरुस्तीला आलेलं मशीन माझ्या हातात दिलं. "साधारण एवढं." मी तेही दारापर्यंत नेलं.

"जमतंय," मी म्हटलं.

"पण छोट्या कॅबिनेटमध्ये मोठं कार्ड बसणार नाही. उद्या रेंडरची मोठी कामं घेतलीस, तर सगळं बदलावं लागेल."

"नाही बसलं तर नाही बसलं."

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्या ड्रॉइंगमध्ये मी काही अनपेक्षित केलं की बघायचा, तसं. मग दुकानदाराला म्हणाला, "त्यात बसेल असं आखूड कार्ड द्या. मधलं. शिकायला पुरेल." आणि मला म्हणाला, "शिकलीस तर."

बाकीचं पटपट ठरलं. वेगवान डिस्क घेतली. स्क्रीन दोन घ्यायचे की एक मोठा, यावर त्याने मला विचारलं आणि मी दोन म्हटलं, कारण एकावर मॉडेल आणि दुसऱ्यावर नकाशा ठेवायची मला सवय आहे. पैसे मी दिले. तो तेवढ्यात जिन्यावर जाऊन उभा राहिला. जोडणी करून मशीन दुसऱ्या दिवशी मिळणार होतं.

खाली आलो तर त्याच्या आईचा फोन. तो म्हणाला, "आई म्हणतेय, तिला जेवायला घेऊन ये." नाही म्हणण्यासाठी काही तरी वाटावं लागतं. मी गेले.

टेंभी नाक्याच्या देवीमुळे नवरात्रात त्या भागात पाऊल ठेवायला जागा नसते. त्या दिवशी रस्ता मोकळा होता, आणि मी लग्न होऊन आले त्या घराच्या पायऱ्या पाहुण्यासारखी चढले. आईंनी दार उघडलं. "ये," म्हणाल्या, "हात धुऊन घे." पानं वाढलेली होती. आमटी, वाटाण्याची उसळ, काकडीची कोशिंबीर. माझं पान नेहमीच्या जागी होतं.

"संगणक घेतलास म्हणे."

"हो आई. उद्या मिळेल."

"बरं केलंस. कामाला साधन चांगलं हवं." मग त्या त्याला म्हणाल्या, "तूच पोचवून दे रे. ती कुठे एवढं घेऊन जाणार?"

"नेईन," तो म्हणाला.

जेवण झालं आणि तो हात धुवायला आत गेला, तेव्हा आई माझ्याजवळ सरकल्या. त्या मराठीच्या शिक्षिका होत्या, त्यांचं बोलणं नेहमी स्वच्छ आणि सावकाश असतं.

"एक विचारू? आमच्याकडून तुला काही उणं पडलं का?"

"नाही हो आई. काहीच नाही."

"मग?"

मी उत्तर शोधलं. खरंच शोधलं. आत नळ चालू होता, त्याला हात धुवायला नेहमीच वेळ लागायचा. मी म्हटलं, "मला खरंच माहीत नाही."

त्यांनी माझ्या पानातली उरलेली कोशिंबीर वाटीत काढून घेतली. "ज्याचं कारण सांगता येत नाही," त्या म्हणाल्या, "ते दुरुस्त तरी कसं करायचं?" आणि पानं उचलून आत गेल्या. त्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि बराच वेळ तिथेच राहिल्या. मी उठून जवळ जायला हवं होतं. मी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी तो मशीन घेऊन डोंबिवलीला आला. टॅक्सीने, माणकोलीच्या पुलावरून. खोकी वर आणली, चपला बाहेर काढल्या आणि दारात क्षणभर घुटमळला. आपल्याच घरात यायला परवानगी मागावी की नाही, असं काहीतरी असावं. मी म्हटलं, "ये ना." बेडरूममधलं टेबल मी खिडकीशी ओढून ठेवलेलं. त्याने गुडघ्यावर बसून वायरी जोडल्या, त्या पट्ट्यांनी बांधल्या, स्क्रीनची उंची माझ्या डोळ्यांना लावून बघितली. मी शेजारी उभी राहून तो मागेल ते देत होते. असं आम्ही कित्येक वेळा केलेलं. त्याला कात्री लागणार हे मला आधी कळायचं, त्या दिवशीही कळलं.

मशीन चालू झालं. त्याने सॉफ्टवेअर टाकलं. मग स्क्रीनवर पासवर्ड ठरवायची चौकट आली.

ऑफिसात आमचा एकच पासवर्ड होता. कॉलेजातलं एक चिडवायचं नाव आणि पुढे काही आकडे. सगळ्या मशीनला तोच, बँकेलाही जवळजवळ तोच. त्याचे हात आपोआप कीबोर्डवर गेले. मग त्याने ते उचलले, खुर्ची माझ्याकडे फिरवली, उठला आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिला.

"टाक तू," म्हणाला. "मी बघत नाही."

मी बसले. समोर चौकट, मागे त्याची पाठ, खाली सोसायटीच्या आवारात कुणीतरी गाडी धूत होतं. नवीन काय टाकावं ते सुचेना. बोटांनी आपोआप तेच जुनं चिडवायचं नाव टाकलं, मी ते खोडलं. मग कशीबशी दुसरीच काही अक्षरं दोनदा टाइप केली. कुठली ते नंतर आठवेना, संध्याकाळी आठवून आठवून काढावी लागली.

"झालं?" तो खिडकीकडेच तोंड करून म्हणाला.

"झालं." माझा आवाज बरोबर निघाला.

मग आम्ही खडवलीचा बंगला उघडला. मी जिना टाकला. टाकला गेला. घर गोल फिरवून बघितलं, वरून, खालून, नदीच्या बाजूने. कुठे अडकलं नाही. त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, "चौथ्या पायरीवर डोकं आपटेल. वरचा बीम खाली येतोय."

"बघते."

"बघ."

चहा विचारला तर नको म्हणाला. खोकी मात्र खाली घेऊन गेला, भंगारवाल्याला द्यायला. जिन्याबद्दल त्याचं बरोबर होतं. बीम मी दुसऱ्या बाजूला घेतला, आणि त्या आठवड्यात काका-काकूंना वरचा मजला दाखवला.

रेंडर मी शिकले, चांगलं म्हणता येणार नाही इतपत. पहिल्या चित्रात नदी इतकी चकचकीत आली की काका म्हणाले, "हे तेल सांडलंय का मॅडम?" काकू म्हणाल्या, "असू दे हो, दिसतेय ना स्वयंपाकघरातून." कार्ड पुरलं. मोठी कामं मी घेतली नाहीत, त्यामुळे कॅबिनेट छोटी पडली का हा प्रश्न आला नाही.

फ्लॅट विकला गेला. मी कल्याण पश्चिमेला भाड्याने जागा घेतली, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेली. मशीन रिक्षात मांडीवर घेऊन गेले आणि मीच वर चढवलं. पहिल्या मजल्यावर एकदा टेकवावं लागलं. नंतर कोर्टाची शेवटची तारीख झाली. आम्ही बाकावर शेजारी बसलेलो. "मशीन त्रास देत नाही ना?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. आई कशा आहेत विचारलं, तो म्हणाला गुडघे दुखतात. मग आम्हाला आत बोलावलं आणि थोड्याच वेळात सगळं झालं. बाहेर आल्यावर त्याने हात पुढे केला, मी मिळवला. आम्ही एकमेकांशी हस्तांदोलन कधी केलं नव्हतं, ते फार विचित्र झालं.

खडवलीच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा काकांनी फोन केला. "दोघांनी यायचंच." मी एकटी गेले. घर मी इतक्या वेळा पडद्यावर आतून बाहेरून फिरवलेलं की खरं घर किंचित लहान वाटलं. होमाचा धूर अजून खोल्यांत होता. काकू मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, खिडकीसमोर उभं केलं आणि नदीकडे बोट दाखवलं. पाणी मातकट आणि संथ होतं.

जिन्यात काका भेटले. "साहेब नाही आले? नेहमी ठाण्यालाच?"

ओठांवर ठाण्याचं उत्तर तयार होतं. पण मी म्हटलं, "काका, आम्ही आता वेगळे झालोय. काम माझं मी एकटीच बघते."

कुठल्याही गिऱ्हाइकाला मी हे पहिल्यांदाच सांगत होते. काकांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत लावला.

"बरं," ते म्हणाले. मग वर बोट दाखवत, "पण मॅडम, ती गच्चीवरची टाकी गळतेय. ते कोण बघणार?"

"मीच बघणार."

"आत्ता?"

"आत्ता बघते की. चला."

"आधी जेवून घ्या हो," काकू खालून म्हणाल्या. पण काका पुढे निघालेसुद्धा होते, आणि मी पदर खोचून त्यांच्यामागे गच्चीवर गेले.